वनस्पतीजन्य नॅनो सिल्व्हर: टोमॅटो, मिरची, काकडीच्या रोगांवर कितपत कामाचं?

कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर आणि ऑनलाइन दुकानांत ‘नॅनो सिल्व्हर’, ‘हर्बल नॅनो’ अशा नावांच्या बाटल्या आता सहज मिळतात. लेबलवर कडुनिंबाचं किंवा तुळशीचं पान असतं, खाली ‘वनस्पतीजन्य’ असं लिहिलेलं असतं आणि करपा, भुरी, केवडा, मर, जिवाणूजन्य ठिपके अशी यादी असते. मात्रा बहुधा लिटरला एक ते दोन मिली. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या बाटलीचं नसून या प्रकारच्या औषधाचं आहे. निवड करायची ती लेबलवरच्या दोन-तीन आकड्यांवरून, आणि नेमके तेच आकडे बऱ्याच बाटल्यांवर सापडत नाहीत.

सगळ्यात आधी ‘वनस्पतीजन्य’ या शब्दाबद्दल. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात पानांचा अर्क घातला की अर्कातली पॉलिफेनॉल आणि फ्लॅव्होनॉइड द्रव्यं चांदीच्या आयनांचं धातूरूप चांदीत रूपांतर करतात. मग तीच द्रव्यं तयार झालेल्या कणांभोवती वेष्टण होऊन बसतात आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. विरजण दुधाचं दही करतं तसं अर्काचं इथे काम आहे; वाटीत येतं ते दहीच. पिकावर पडते ती चांदी. म्हणून असं औषध ‘पूर्ण सेंद्रिय’, ‘विषमुक्त’ म्हणून कोणी विकत असेल तर तो दावा मान्य करू नये. रसायनांऐवजी पानांनी कण बनवले ही पद्धत चांगली आहे, तिच्यात आयनांची धातू करणारी घातक (क्षपणकारक) रसायनं लागत नाहीत. पण त्यामुळे चांदीचे गुणदोष बदलत नाहीत.

कण १ ते १०० नॅनोमीटरचे असले की त्यांना नॅनो म्हणतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कणाचा व्यास दहापट लहान केला की तेवढ्याच वजनाच्या चांदीचा पृष्ठभाग दहापट होतो, आणि चांदीचे आयन त्या पृष्ठभागावरूनच सुटतात. हे आयन बुरशीच्या आणि जिवाणूंच्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात, पेशीचं आवरण फाटतं, श्वसन थांबतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हे स्पष्ट दिसतं, त्यात शंका नाही. अडचण बशीपासून वाफ्यापर्यंतच्या वाटेत आहे.

पहिली अडचण मात्रेची, आणि ती साध्या गणिताने कळते. प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत अशी: १० ग्रॅम धुतलेली पानं १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळायची. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवायचं. नऊ भाग द्रावणात एक भाग अर्क घालून ६० ते ७० अंश सेल्सिअसला ठेवायचं. रंग फिका पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी होतो. या तयार द्रावणात चांदी किती? लिटरला साधारण ९७ मिलिग्रॅम, म्हणजे ९७ पीपीएम. बुरशीवरच्या चाचण्या बहुधा १० ते १०० पीपीएमच्या टप्प्यात होतात, म्हणजे हेच द्रावण जवळपास तसंच्या तसं वापरलं जातं.

आता हेच द्रावण बाटलीत भरून लिटरला २ मिली मात्रा दिली, तर फवारणीच्या पाण्यात चांदी उरते जेमतेम ०.२ पीपीएम. २० पीपीएम हवी असेल तर एकरी २०० लिटर पाण्यासाठी अशा द्रावणाचे ४० लिटर लागतील. उलट बाजूने पाहा: लिटरला २ मिलीत २० पीपीएम मिळवायचे असतील तर बाटलीत १०,००० पीपीएम, म्हणजे १ टक्का चांदी असायला हवी. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न एकच: यात चांदी किती टक्के? लेबलवर आकडा नसेल किंवा ‘नॅनो कण १०० टक्के’ असं काही लिहिलेलं असेल, तर ती बाटली परत फळीवर ठेवावी.

किमतीवरूनही अंदाज येतो. २० पीपीएमने २०० लिटर पाण्यात ४ ग्रॅम चांदी जाते. ग्रॅमला शंभर रुपये इतकाच भाव धरला तरी एका एकराच्या एका फवारणीत ४०० रुपयांची नुसती धातूच आहे. बनवणं, बाटली, वाहतूक, दुकानदाराचा वाटा वेगळा. एकरभर पुरणारी बाटली त्याहून स्वस्त मिळत असेल, तर तिच्यात तेवढी चांदी असणं शक्य नाही. खरेदीच्या दिवसाचा सराफी भाव घालून हा हिशेब दुकानातच मोबाइलवर करता येतो.

बाटली घरी आणल्यावर पाहण्याच्या काही गोष्टी आहेत. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात लेबलवरच्या मात्रेने मिश्रण करून पांढऱ्या कागदापुढे धरा. २० पीपीएमच्या आसपास नॅनो चांदी असलेलं पाणी स्पष्ट पिवळं दिसतं, फिक्या कोऱ्या चहासारखं, आणि पारदर्शक राहतं. पाणी अगदी रंगहीन राहिलं तर चांदी नगण्य आहे. बाटलीच्या तळाशी राखाडी-काळा गाळ असेल आणि हलवूनही तो पुन्हा खाली बसत असेल, तर कण एकत्र येऊन मोठे झालेत; ते आता नॅनो राहिलेले नाहीत आणि नोझलही तुंबवतील. बाटली फुगलेली असेल, उघडताना वायू सुटत असेल, आंबूस वास येत असेल, तर अर्कातली साखर आंबली आहे. अशी बाटली पुरेसं परिरक्षक न घालता भरलेली असते. लेझर टॉर्च मारून आत किरणाची रेघ दाखवणारे विक्रेते भेटतात. ती रेघ कुठल्याही सूक्ष्म कणांच्या द्रावणात दिसते, पाणी घातलेल्या दुधातसुद्धा. तिने चांदी सिद्ध होत नाही.

मिठाची चाचणी मात्र उपयोगाची. चमचाभर औषधात मिठाच्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका. लगेच दह्यासारखा पांढरा साका धरला तर त्यात सिल्व्हर नायट्रेट तसंच उरलेलं आहे, म्हणजे क्रिया अर्धवट झाली आहे. असं औषध हातावर आणि कपड्यावर काळे डाग पाडतं आणि कोवळ्या पानांच्या कडा जाळू शकतं.

उत्पादकाकडे कागद मागायला संकोच करू नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेला कणांचा आकार, झेटा पोटेन्शियल (कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या विद्युतभाराचं माप; शून्यापासून उणे किंवा अधिक ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर द्रावण टिकाऊ) आणि चांदीचं प्रत्यक्ष मोजलेलं प्रमाण, हे तीन आकडे त्याच बॅचचे हवेत. बॅचचा आग्रह एवढ्यासाठी की या पद्धतीचा खरा कच्चा दुवा पानंच आहेत. पावसाळ्यातलं लुसलुशीत कडुनिंबाचं पान आणि उन्हाळ्याआधीचं जून पान यांच्यातल्या पॉलिफेनॉलचं प्रमाण सारखं नसतं. अर्क बदलला की कणांचा आकार आणि वेष्टण बदलतं, आणि मागच्या हंगामात चाललेलं औषध या हंगामात तसंच चालेल याची खात्री राहत नाही. रासायनिक पद्धतीने बनवलेल्या कणांत हा प्रश्न बराच कमी असतो.

व्हिडिओ पाहून घरी बनवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना आणि त्वचेला भाजतं. विहिरीच्या पाण्यात विरघळवलं की तिथेच पांढरं होतं. अर्क जास्त पडला की गढूळ, मोठ्या कणांचं द्रावण होतं. घरच्या घरी कणांचा आकार मोजायची सोय नाही. ते करू नये.

पाणी हा या औषधाचा सगळ्यात मोठा शत्रू, आणि लेबलवर त्याबद्दल क्वचितच काही असतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात क्लोराइड असतं. ते मोकळ्या चांदीच्या आयनांना पकडून अविद्राव्य सिल्व्हर क्लोराइड बनवतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कणांवरचा ऋणभार झाकून टाकतात, मग कण एकमेकांना चिकटतात. पिवळं पाणी आधी करडं होतं, मग काळसर गाळ बसतो. ज्या पाण्याने ठिबकचे ड्रीपर पांढरे पडतात, त्या पाण्यात हे औषध घालणं म्हणजे पैसे टाकीच्या तळाशी घालणं. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा, सामू ६ ते ७ ठेवा. फवारणीआधी काचेच्या बरणीत लिटरभर मिश्रण करून अर्धा तास ठेवा. रंग टिकला आणि तळ स्वच्छ राहिला तरच टाकीत घाला, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.

त्याच बरणीत बाकीची औषधंही तपासता येतात, पण काहींची तर तपासणीही नको. गंधक आणि चुना-गंधकाबरोबर चांदी काळी पडते. घरातली चांदीची भांडी काळी पडतात ती याच क्रियेने. अमिनो आम्लांची टॉनिकं आणि प्रथिनयुक्त समुद्री शेवाळाचे अर्क आयनांना बांधून ठेवतात. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे सल्फेट, क्लोराइड कणांना एकत्र आणतात. ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास किंवा बॅसिलस या उपयोगी बुरशी-जिवाणूंच्या जैविक औषधांबरोबर तर अजिबात नको. चांदीला मित्रबुरशी आणि शत्रुबुरशी यातला फरक कळत नाही. जैविक औषध द्यायचं असेल तर निदान आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवावं. रोपवाटिकेत, जिथे रोपं कोलमडू नयेत म्हणून ट्रायकोडर्मा दिलेली असते, तिथे चांदीची आळवणी करू नये, म्हणजे ती मुळाशी ओतू नये. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मिठाचं प्रमाण इतकं असतं की चांदी तिथे टिकतही नाही.

आता रोगांकडे. हे औषध स्पर्शजन्य आणि प्रतिबंधक आहे. पानावर बसलेला बीजाणू रुजण्याआधी त्याला भेटलं तर उपयोग. बुरशी पानाच्या आत शिरल्यावर नाही. ते झाडात फिरत नाही, त्यामुळे फवारणीनंतर फुटलेली पानं उघडीच असतात. टोमॅटोच्या वाढीच्या काळात म्हणजे सात ते दहा दिवसांनी पुन्हा फवारणी, जोराचा पाऊस झाला तर त्याआधीच.

टोमॅटोवरचा लवकर येणारा करपा, म्हणजे अल्टरनेरियाचे वलयांचे तपकिरी ठिपके, हा नॅनो सिल्व्हरसाठी त्यातल्या त्यात योग्य रोग. तो खालच्या पानांपासून हळूहळू वर चढतो, त्यामुळे प्रतिबंधाला वेळ मिळतो. लागणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, खालची मातीला टेकणारी पानं काढून, पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी हॉलो कोन नोझलने फवारणी केली तर फरक दिसू शकतो. पण मँकोझेब ७५ टक्के लिटरला २ ते २.५ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के २.५ ग्रॅम हे काम बरंच स्वस्तात करतात, आणि त्यांच्या लेबलवर काढणीपूर्व प्रतीक्षा काळही छापलेला असतो.

उशिरा येणाऱ्या करप्यावर याच्या भरवशावर राहू नये, हे आम्ही जोर देऊन सांगतो. थंड, ढगाळ, दव आणि धुक्याच्या दिवसांत हा करपा आणणारा फायटोप्थोरा काही दिवसांतच अख्खा प्लॉट काळा करतो. जुन्नर-नारायणगाव, संगमनेर, नाशिक पट्ट्यातल्या टोमॅटो उत्पादकांना याचा वेग माहीत आहे. पानांवर पाणीदार काळपट डाग आणि पानाच्या खालून पांढरी कड दिसली की सायमोक्झॅनिल ८ टक्के + मँकोझेब ६४ टक्के किंवा मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मँकोझेब ६४ टक्के यांसारखं, त्या पिकासाठी लेबल असलेलं औषध त्याच दिवशी लागतं. इथे नॅनोच्या प्रयोगात गेलेला आठवडा भरून निघत नाही.

काकडीसारख्या वेलवर्गीय पिकांवरच्या भुरीची बुरशी पानाच्या वरच वाढते, म्हणून स्पर्शजन्य औषध तिला गाठतं; मिरची-टोमॅटोवरची भुरी मात्र बहुधा पानाच्या आत वाढते. तरीही पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के याच कामाला अगदी कमी खर्चात पुरतं. वेलवर्गीय पिकांत कडक उन्हात गंधकाने पानं भाजतात, तेवढ्या दिवसांपुरता चांदीचा विचार करता येईल. जिवाणूजन्य ठिपक्यांवर, विशेषतः मिरची आणि टोमॅटोवरच्या झँथोमोनास जिवाणूवर, चांदीचं काम खरंच दिसतं आणि इथे पर्याय थोडे आहेत. पैसे घालायचेच तर या रोगावर घाला, तेही ठिपके पसरण्याआधी.

जिवाणूजन्य मर, जी कोकणात आणि गोव्यात टोमॅटो-वांग्याला फार छळते, तिच्यासाठी आळवणी करू नका. मातीतले सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमाती चांदीला धरून ठेवतात, ती मुळांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही, आणि वाटेतले उपयोगी जिवाणू मात्र मारते. तिथे प्रतिकारक खुंटावरची कलमी रोपं आणि फेरपालट हाच मार्ग.

चुरडा-मुरडा, भेंडीचा हळद्या हे विषाणूजन्य आहेत. पानावर चांदी फवारून झाडाच्या आतला विषाणू जात नाही. पांढरी माशी आणि फुलकिडे आवरणं, रोगट झाडं लवकर उपटणं, रोपवाटिकेला बारीक जाळी लावणं हीच कामं करायची आहेत. लेबलवर विषाणूचं नाव असेल तर बाकीच्या यादीवरही विश्वास ठेवणं कठीण आहे.

काकडीसाठी एक वेगळी सूचना, जी लेबलवर आढळत नाही. चांदीचे आयन झाडातल्या इथिलीन या संप्रेरकाचं काम अडवतात. बीजोत्पादक याच गुणाचा उपयोग करून फक्त मादी फुलं देणाऱ्या काकडीवर सिल्व्हर नायट्रेट फवारून नर फुलं आणतात. त्यासाठीची मात्रा रोगावरच्या मात्रेपेक्षा खूप जास्त असते, पण अर्धवट क्रियेचं औषध, चुकीचं माप आणि दोन ते चार पानांची कोवळी अवस्था एकत्र आली तर पॉलिहाऊसच्या काकडीत फुलांचा तोल बिघडण्याचा धोका घ्यायचा कशाला? त्या अवस्थेत टाळाच.

चालतं की नाही हे स्वतःच्या वाफ्यात पाहायचं असेल तर सगळ्या प्लॉटवर मारून कळत नाही. तीन पट्टे करा: एकावर नुसतं पाणी, दुसऱ्यावर नेहमीचं बुरशीनाशक, तिसऱ्यावर नॅनो. प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या ओळीतली दहा झाडं सुतळी बांधून खूण करा, कडेची झाडं घेऊ नका. प्रत्येक झाडाचं खालचं, मधलं, वरचं असं एकेक पान, म्हणजे तीस पानं, ० ते ५ गुणांनी तपासा: ० म्हणजे स्वच्छ, ५ म्हणजे निम्म्याहून जास्त पान रोगट. गुणांची बेरीज गुणिले १००, भागिले १५०. बेरीज ४२ आली तर रोगाची तीव्रता २८ टक्के. पहिल्या दिवशी, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजा. नॅनोच्या पट्ट्याचा आकडा पाण्याच्या पट्ट्याजवळ राहिला तर उत्तर मिळालं. ज्या दिवशी रोग नाही, ऊन स्वच्छ आहे, त्या काळात घेतलेल्या चाचणीला अर्थ नसतो. तेव्हा पाणीही उत्तम औषध ठरतं.

कायद्याची बाजू. रोग आवरतो असा दावा करून विकायच्या औषधाला कीटकनाशक कायदा १९६८ खाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक, घटकाचं प्रमाण, बॅच, उत्पादन आणि मुदतीची तारीख, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण आणि विषावरचा उतारा हे सगळं लेबलवर असायला हवं. ‘टॉनिक’ किंवा ‘वाढवर्धक’ म्हणून विकायचं आणि तोंडी करप्यावर चालतं म्हणायचं, हे चुकीचं आहे. नॅनो युरियाला मिळालेल्या मान्यतेचा दाखला दिला जातो; ती खत नियंत्रण आदेशाखालची, खताची मान्यता आहे, तिचा रोगनियंत्रणाशी संबंध नाही. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत; उत्पादकाने त्यांनुसार कोणती माहिती तयार केली, हे विचारणं शेतकऱ्याचा हक्क आहे. पक्कं बिल घ्या, बॅच क्रमांक त्यावर लिहून घ्या. युरोपला भेंडी किंवा मिरची पाठवणाऱ्यांनी निर्यातदाराला विचारल्याशिवाय त्याच्या मान्य औषधांच्या यादीबाहेरचं काहीही फवारू नये.

चांदीऐवजी तांबं किंवा जस्त वापरून बनवलेले नॅनो कणही विकले जातात. तांबं आणि जस्त पिकाला सूक्ष्म प्रमाणात लागतात, चांदी कशालाच लागत नाही. त्यामुळे दीर्घकाळ जमिनीचा विचार करता तांब्या-जस्ताचं पारडं जड आहे. चांदी जमिनीत पडली की विघटित होत नाही, साठत जाते. म्हणून संरक्षणासाठी सात-दहा दिवसांनी पुन्हा फवारावं लागत असलं, तरी हंगामात दोनपेक्षा जास्त फवारण्या आम्ही सुचवत नाही. फळधारणेनंतर तर नाहीच, आणि कोथिंबीर, पालक, मेथीवर कधीच नाही, कारण तिथे फवारलेलं पानच ताटात येतं.

फवारताना रबरी हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क लागतो. तलम थेंबांतून कण फुप्फुसात जातात. ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर फवारा. बाटली मूळ गडद रंगाची असेल तिच्यातच, उन्हापासून दूर ठेवा. पारदर्शक बाटलीत भरून ठेवलेलं औषध महिन्याभरात काळवंडू शकतं. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच घाला. पंप धुतलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा मासे सोडलेल्या शेततळ्याकडे जाऊ देऊ नका. चांदीचे आयन मासे आणि पाण्यातल्या बारीक जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. ते पाणी बांधाच्या आतल्या पडीक कोपऱ्यात, पीक आणि पाणी दोन्हींपासून लांब ओता.